नावात ग्रीस, हाडे डोंगरगावची

पारसिकचा डोंगर, येऊरच्या टेकड्या, मलंगगड हा सगळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढत गेलेला लाव्हा. उकळत्या लाव्हात हाडे उरत नाहीत. मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला आणि त्यात काही जीव जपले गेले. मुंबईत वरळीच्या टेकडीत असा थर सापडला. तिथल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द 1842 मध्ये घडवणारे ते हेच ओवेन: ‘डायनोस’ म्हणजे भयंकर, ‘सॉरोस’ म्हणजे सरडा. वरळीच्याच कासवाचे आजचे नाव कार्टरेमिस. त्यातले ‘एमिस’ हे ग्रीकांचे गोड्या पाण्यातले कासव; ‘कार्टर’ म्हणजे 1852 मध्ये त्याचे वर्णन करणारे मुंबईतले डॉक्टर हेन्री कार्टर.

युरोपातल्या शिकलेल्या माणसांची सामाईक भाषा म्हणून ग्रीक-लॅटिन नावे रूढ झाली. प्राण्याचे रूपच त्यांत सांगितलेले असे. ट्रायसेराटॉप्स म्हणजे तीन शिंगांच्या तोंडाचा, टायरॅनोसॉरस म्हणजे जुलमी सत्ताधीश सरडा. डोंबिवलीतल्या बालवाडीतली पोरेही ही नावे घडाघडा म्हणतात. त्यांना इसिसॉरस मात्र माहीत नसतो, आणि हे मला मनापासून खटकते.

कारण इसिसॉरस आपला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात त्याची हाडे मिळाली: मान, पाठ आणि शेपटीचे मणके, पुढच्या पायांची हाडे. कवटी सापडली नाही. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटले. टायटॅनोसॉरस हे नाव जबलपूरला मिळालेल्या शेपटीच्या मणक्यांवरून 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी दिले होते. टायटन म्हणजे ग्रीक पुराणातले महाकाय देव. पुढे तसे मणके जगभरच्या कितीतरी जातींत आढळले, ओळख पटवायला ते अपुरे ठरले. म्हणून 2003 मध्ये डोंगरगावच्या प्राण्याला स्वतंत्र नाव मिळाले. ‘इसि’ ही कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची इंग्रजी आद्याक्षरे, तर ‘कोलबर्टी’ अमेरिकी संशोधक एडविन कोलबर्ट यांच्यावरून. संख्याशास्त्राच्या या संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भूशास्त्राला जागा दिली, तेव्हा हा मान तिला मिळाला ते योग्यच झाले. डोंगरगाव मात्र नावाबाहेरच राहिले. गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळचे कोटा गाव जास्त भाग्याचे. त्याच्यावरून खडकांच्या थराला नाव पडले आणि थरावरून कोटासॉरस या डायनोसॉरला.

डोंगरगावच्याच टापूत पिसदुरा आहे. तिथे हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही मिळते. तिला कोप्रोलाइट म्हणतात. ‘कोप्रोस’ म्हणजे शेण, ‘लिथोस’ म्हणजे दगड. हे गोळे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण दिसले. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे प्रसिद्ध केले. डायनोसॉरांच्या काळात गवत जवळपास नव्हतेच, हा तोवरचा समज त्यामुळे मोडला. गवताचे अनेक प्रकार तेव्हाच वेगळे झाले होते आणि त्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारेही होते.