गल्लीतील मोटारी आणि रहिवाशांचा कौल

झाशीचे जुने शहर तटाच्या आत वाढले. खंडेराव, ओरछा, दतिया, सैंयर, सागर ही त्या तटाच्या दरवाजांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. अठराव्या शतकात नारो शंकरांच्या सुभेदारीत येथील किल्ल्याचा विस्तार झाला आणि महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे या वस्तीत स्थिरावली. त्या काळच्या गल्ल्या पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाच्या होत्या. आता त्याच मापाच्या गल्ल्यांत मोटारी येऊन उभ्या राहू लागल्या आहेत. ही अडचण एकट्या झाशीची नाही. पुण्यातील पेठा, नागपूरचे महाल, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील जुने मोहल्ले, सर्वत्र हाच प्रश्न आहे.

या प्रश्नावर जगातील अनेक शहरांनी परवान्याचा उपाय योजिला आहे. ठरलेल्या रस्त्यांवर, ठरलेल्या वेळी, केवळ तेथील परवानाधारक रहिवाशांनीच गाडी उभी करावी, अशी ही व्यवस्था असते. परवान्यास शुल्क असते, पाहुण्यांसाठी तात्पुरती चिठ्ठी मिळते आणि नियम मोडणाऱ्यास दंड होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टन येथे कचेऱ्यांत येणारे नोकरदार शेजारच्या वस्तीत गाड्या लावून जात. तेथील प्रशासनाने दिवसा हे रस्ते रहिवाशांसाठी राखले. सार्वजनिक रस्त्यावर असा भेद करता येईल काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरविली. जपानने निराळा मार्ग धरला. तेथील १९६२ च्या कायद्यानुसार मोटार ठेवण्यास रस्त्याबाहेर जागा आहे, हे मालकाला दाखवून द्यावे लागते.

मात्र परवान्याने नवी जागा निर्माण होत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. रस्त्याच्या कडेला एकामागे एक उभ्या केलेल्या मोटारीस सुमारे सहा मीटर लांबी लागते. म्हणजे शंभर मीटर गल्लीच्या एका बाजूस फार तर सोळा मोटारी मावतात, आणि घरांची दारे व वळणे सोडली तर त्याहूनही कमी. तेथे चाळीस परवाने दिले, तर पैसे भरलेल्या माणसांतच रोज संध्याकाळी तंटा ठरलेला. गल्ली चार मीटर रुंद असेल, तर एका मोटारीने जवळजवळ दोन मीटर व्यापल्यावर उरलेल्या वाटेतून सुमारे अडीच मीटर रुंदीचा आगीचा बंब जाऊच शकत नाही.

म्हणूनच रहिवाशांना विचारण्यापूर्वी काय विचारावयाचे आणि काय विचारावयाचे नाही, हे ठरविणे आवश्यक ठरते. बंबाची आणि रुग्णवाहिकेची वाट हा मतदानाचा विषय होऊ शकत नाही. दहा घरांच्या सोयीसाठी अकराव्या घराचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार बहुमतालाही नाही. ही वाट मोकळी ठेवून जी जागा उरते, तिच्या वाटणीविषयी मात्र लोकांचाच शब्द प्रमाण मानावा.

हे लोक म्हणजे नेमके कोण? सभा बोलावली की मोटारमालक आवर्जून येतात, कारण त्यांचा लाभ-तोटा डोळ्यांपुढे असतो. मोटार नसलेले बिऱ्हाड, भाडेकरू, काठी टेकीत चालणारे वृद्ध, शाळेत जाणारी मुले, कोपऱ्यावरचा भाजीवाला हे सहसा सभेत दिसत नाहीत. रस्ता मात्र त्यांचाही आहे. केवळ मोटारवाल्यांचे मत घेऊन काढलेला निष्कर्ष म्हणजे जेवणाऱ्यांनाच ताटांची संख्या ठरवू देण्यासारखे आहे.

पुण्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. मार्च २०१८ मध्ये महापालिकेने वाहनतळ-धोरण संमत केले, पण ते विरोधाच्या गदारोळात. रात्रीच्या शुल्काचा प्रस्ताव वगळण्यात आला आणि संपूर्ण शहराऐवजी पाच रस्त्यांवर प्रयोग करण्याचे ठरले. शुल्क कशासाठी, ते कोठे खर्च होणार आणि बदल्यात काय मिळणार, याचा उलगडा आधी झाला नाही, तर लोकांस त्यात केवळ नवा कर दिसतो. दिल्लीत २०१९ मध्ये लागू झालेल्या नियमांनी उलट क्रम सुचविला. प्रत्येक विभागाचा आराखडा करावा आणि त्यात रहिवासी संघटनांना सहभागी करून घ्यावे, असा तो क्रम होता. लाजपत नगरचा एक भाग या प्रयोगासाठी निवडला गेला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागांतील पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे करण्यास सांगितले.

झाशीपुढे ही वेळ आता आली आहे. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने नगर निगमांसाठी वाहनतळांची नियमावली मंजूर केली. राज्यातील सतरा नगर निगमांत झाशी एक आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे, आणि २०११ च्या जनगणनेत झाशीची वस्ती पाच लाखांवर होती. विचारविनिमयाचे स्थान कायद्यानेच दाखविले आहे. त्याचा उपयोग करावयाचा, इतकेच.

तो कसा करावा? आधी गल्ली मोजावी, आणि दिवसा व रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजाव्यात. मग तो हिशेब सोप्या हिंदीत प्रत्येक दारी पोचवावा. मोटार असो वा नसो, मालकी असो वा भाडे, प्रत्येक बिऱ्हाडाचे एक मत घ्यावे. परवाने किती, वेळ कोणती, शुल्क किती, दुसऱ्या मोटारीस अधिक शुल्क असावे काय, असे नेमके प्रश्न ठेवावेत. निर्णय कारणांसह जाहीर करावा, आणि जी मते मान्य झाली नाहीत त्यांचीही कारणे द्यावीत. सहा महिने प्रयोग करून पुन्हा विचारावे.

यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. परंतु दाराशी उभ्या राहणाऱ्या गाडीचा नियम रोज, प्रत्येक गल्लीत, पोलिसाच्या शिटीवर चालविता येत नाही. शेजाऱ्यांनी तो आपला मानला, तरच तो चालतो. आणि जो नियम ठरविताना आपल्याला कोणी विचारले होते, तोच माणूस आपला मानतो.