मूठभर रबरावर तरंगणारं इंजिन

बॉनेट उघडलं की आतलं सगळं एकमेकांत ठोकून बसवल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात साध्या हॅचबॅकमधलं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर-सव्वाशे किलोचं जे धूड होतं, ते गाडीच्या सांगाड्याला लोखंडाने लोखंड असं कुठेही टेकलेलं नसतं. मध्ये रबर असतं. तीन, फार तर चार ठिकाणी, प्रत्येकी मुठीत मावेल एवढं. गॅरेजमध्ये कुणी त्याला माउंटिंग म्हणतं, कुणी फाउंडेशन. वर्षानुवर्षं मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग एक दिवस सिग्नलला गाडी उभी असताना आरसा थरथरायला लागतो, क्लच सोडताना पुढून ‘धप्’ असा आवाज येतो, आणि मेकॅनिक सांगतो, ‘‘साहेब, फाउंडेशन गेलंय.’’

खरं नवल उलटं आहे. इतके दिवस आरसा थरथरत नव्हता, तो कसा?

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. आयडलला ८०० आरपीएम धरले तर सेकंदाला जवळपास २७ धक्के. शिवाय पिस्टनचा हिशेब कधीच पुरता फिटत नाही. दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे झटके एकमेकांना मारतील असं वाटतं. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत फिरतो, त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाशी झटक्यात वळतो आणि खालच्या टोकाशी जरा रेंगाळतो. वरचा झटका मोठा, खालचा लहान. ही उरलेली बाकी दर फेऱ्यात दोनदा सगळं इंजिन वर-खाली हलवते. तीन सिलिंडरमध्ये ही बाकी उरत नाही, तिथे दुसरंच दुखणं असतं. इंजिन एका टोकाने उचलतं तेव्हा दुसऱ्या टोकाने दबतं, असं डुलत राहतं. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरचीच होती. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पहिली गाडी घेतली ती या डुलणाऱ्या इंजिनाची, आणि त्यातल्या फार थोड्यांना ते डुलणं जाणवलं.

रबर हे कसं साधतं, ते पाहायला गॅरेज लागत नाही. एक लांबसा रबरबँड घ्या, त्याला किल्ल्यांचा जुडगा लटकवा आणि वरचं टोक चिमटीत धरून हात वर-खाली करा. अगदी सावकाश केलात तर जुडगा हाताबरोबर निमूट वर-खाली होतो. वेग थोडा वाढवलात की एका ठरावीक लयीला जुडगा वेड्यासारखा उसळतो, हात इंचभर हलतो आणि किल्ल्या वीतभर. आता हात आणखी जलद हलवा. किल्ल्या जवळजवळ हवेत थांबतात! वरचं टोक सपासप हलतंय आणि खाली शांतता.

प्रत्येक लटकत्या किंवा टेकलेल्या वस्तूला आपली अशी एक लय असते. धक्के त्या लयीच्या १.४१ पटीहून, म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या पटीहून जलद असतील, तरच रबर ते गिळतं. त्याखाली ते धक्के कमी तर करत नाहीच, उलट वाढवतं. इंजिन बसवण्याची सगळी विद्या या एका आकड्याभोवती फिरते. समजा इंजिन रबरावर सेकंदाला १० वेळा डुलतं. मग सीमा १४ची. आयडलचे २७ धक्के तिच्या कितीतरी वर आहेत, आणि कागदावरच्या हिशेबाने त्यांचा जेमतेम सहावा हिस्सा गाडीच्या पत्र्यापर्यंत पोचतो. एका मूठभर रबराने सहातले पाच हिस्से वाटेतच जिरवले, हे मला तरी आजही अजब वाटतं.

हे कुणाला आधी सुचलं, तर त्याचा गाजलेला मुहूर्त १९३१चा, अमेरिकेतला. तोवर इंजिन चासीला बहुधा सरळ बोल्टने आवळत किंवा मध्ये एखादी पातळ चकती घालत. क्रायस्लरने त्या वर्षी प्लिमथचं ‘पीए’ मॉडेल काढलं आणि त्यातल्या युक्तीला ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हटलं. युक्ती नुसती रबराची नव्हती, जागेची होती. कुठलंही इंजिन मोकळं सोडलं तर ते स्वतःच्या एका आसाभोवती डुलतं. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी पुढचा आधार वर, पाण्याच्या पंपाखाली दिला आणि मागचा खाली, गिअरबॉक्सखाली. दोन्ही आधार जोडणारी रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी ती मांडणी होती. बाजूला एक पट्टीची स्प्रिंग, इंजिनाने फार कलंडू नये म्हणून. इंजिनाला जसं डुलायचंय तसं डुलू द्या, अडवू नका, एवढाच विचार. वॉल्टर क्रायस्लर कारखान्यातून निघालेली तिसरी पीए घेऊन थेट हेन्री फोर्ड आणि त्याचा मुलगा एडसेल यांना दाखवायला गेला, गाडी त्यांच्याकडेच ठेवली आणि स्वतः टॅक्सीने परत आला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये सिट्रोएनने हे तंत्र घेतलं आणि गाडीवरच्या खुणेत चक्क पोहणारा हंस काढला. पोहणाऱ्या हंसाचे पाय पाण्याखाली काय धडपड करतात ते वरून दिसत नाही, तेव्हा चित्र अचूक निवडलं म्हणायचं.

रबर जितकं मऊ तितकी लय संथ आणि सीमा खाली. मग ते आणखी मऊ का नको? कारण रबराला दुसरंही एक काम आहे, आणि ते पहिल्याच्या नेमकं उलटं आहे.

आजच्या लहान गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरची साडेतीन पट, डिफरन्शियलची आणखी चार पट, असं करत चाकांशी दीड हजार न्यूटन-मीटरचा पिळा तयार होतो. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढाच पिळा सगळ्या इंजिन-गिअरबॉक्सला मागे उलटवायला बघतो. अर्ध्या मीटरवरच्या रबराने तो पेलायचा म्हटलं तर तीनशे किलोहून जास्त रेटा होतो. म्हणजे सिग्नलला उभं असताना रबर लोण्यासारखं हवं, आणि सिग्नल सुटल्यावर क्लच सोडला की त्याच क्षणी ते ताठ हवं.

जुनं माउंट काढून हातात घेतलं तर ही कसरत कशी जमवली आहे ते दिसतं. बाहेर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनिअमचं कडं, मध्ये धातूची नळी, आणि दोघांमध्ये रबराचे दोन-तीन जाड हात. हातांच्या वर-खाली चंद्रकोरीसारख्या फटी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, रबर फाटलंय किंवा कंपनीने माल वाचवलाय. तसं नाही. त्या फटी म्हणजेच खरी कारागिरी. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळजवळ घटत नाही, ते फक्त बाजूला फुगतं. फुगायला जागा असेल तर मऊ, नसेल तर तेच रबर दगड. बारीक थरथर असते तेव्हा रबराचे हात नुसते वाकतात, फटीत हलतात. मोठा झटका आला की फट मिटते, मधली नळी रबरी ठोकळ्यावर टेकते आणि माउंट एकदम कडक होतं. एकाच तुकड्याचे दोन स्वभाव, मध्ये ना सेन्सर, ना वायर.

हे रबर मरतं कसं? इंजिनाच्या उष्णतेने ते हळूहळू कडक आणि ठिसूळ होतं. गळक्या सीलमधून पडणारं तेल पिऊन फुगतं, भुसभुशीत होतं. हवेतला ओझोन नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, म्हणून ताणलेल्या भागावर बारीक आडव्या भेगा दिसतात. शेवटी एखादा हात कड्यापासून सुटतो आणि नळी एका बाजूला कायमची झुकून बसते.

मग इथे पॉलियुरेथेन येतं. १९३७मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम बनवलं. फ्रिजच्या भिंतीतला फोम, बुटांचे तळ, स्केटबोर्डची चाकं, गाडीवरचा चकचकीत रंग, हे सगळं याच घराण्यातलं. त्याच्या लांब साखळीत मऊ तुकडे आणि कडक तुकडे आलटून पालटून असतात. कडक तुकडे एकमेकांना घट्ट धरून राहतात, मऊ तुकडे मधे ताणले जातात, आणि या दोन्हींचं प्रमाण बदलून कारखानदार हवा तेवढा कडकपणा घडवतो. तेलाने ते सहसा फुगत नाही, ओझोनला दाद देत नाही. शोअर ए या कडकपणाच्या मापावर इंजिनाचं रबर साधारण ४५ ते ६०च्या आसपास असतं, पॉलियुरेथेनची माउंटं ७० ते ९५. काही शौकीन नवं माउंट न घेता त्या चंद्रकोरी फटींतच पातळ युरेथेन ओततात आणि सुकू देतात. फट बुजली, फुगायची जागा गेली, काम झालं.

काय काम झालं, ते मघाच्या हिशेबात बघा. माउंटं चौपट ताठ झाली असं धरू. लय ताठपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे १०ची २० झाली आणि सीमा १४ची २८. आयडलचे धक्के मात्र २७च आहेत. ते आता सीमेच्या आत आले! सहावा हिस्सा पोचत होता, तिथे सव्वापटीहून जास्त पोचतो. हे घर्षण वगळून केलेलं गणित आहे, खऱ्या गाडीत आकडे थोडे सौम्य होतात. तरी आरसा, डॅशबोर्ड, सीट, दारातली पाण्याची बाटली, सगळं एका सुरात गुणगुणायला लागतं ते याचमुळे. आणि यात माउंटाची काहीच चूक नाही. आरपीएम दीड हजारावर नेले की धक्के ५० होतात, पुन्हा सीमेच्या बाहेर जातात, आणि थरथर ओसरते. नवीन पॉलियुरेथेन बसवल्यावर ‘चालताना मस्त, उभी असताना मसाज’ असं लोक सांगतात, त्यात गंमत नाही, वर्गमूळ आहे.

बदल्यात मिळतं ते कमी नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आधी इंजिन मागे कलंडणार, रबर दबणार आणि मग गाडी हलणार, ही मधली ढिलाई जाते. ज्या गाड्यांत गिअरचा दांडा लोखंडी सळईने गिअरबॉक्सला जोडलेला असतो, तिथे इंजिन डुललं की दांडाही डुलतो. तो स्थिर होतो, गिअर नेमका पडतो. जोरात सुटताना पुढची चाकं टणाटण उड्या मारतात, त्याही कमी होतात. ऑटोक्रॉस किंवा रॅली चालवणाऱ्याला एवढं पुरे आहे, त्याला आरशाची काय पडली आहे? पण गिअरबॉक्सची बारीक शीळ, जी रबर वाटेतच खात होतं, तीही आता आत येते. आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत जो मार रबर सोसत होतं, तो ब्रॅकेट आणि बोल्ट सोसतात.

आपल्या हवेची एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. पॉलियुरेथेनच्या दोन जाती आहेत, पॉलिएस्टरवर बेतलेली आणि पॉलिइथरवर बेतलेली. पहिली दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहिली की पाण्याने तिची साखळी तुटते, ती चिकट होऊन चुरते. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्याने ही चौकशी आधी करावी, रंग लाल आहे की पिवळा हे नंतर पाहावं.

मऊ आणि कडक या भांडणावर कंपन्यांनी आपले तोडगे काढलेच आहेत. बऱ्याच गाड्यांच्या माउंटात ग्लायकोलचं द्रव भरलेलं असतं आणि दोन कप्प्यांमध्ये एक लांब अरुंद वाट असते. मोठ्या सावकाश हालचालीत द्रवाला त्या वाटेने धावावं लागतं, ते ती हालचाल मारतं. बारीक थरथरीला त्याची अडचण होत नाही. पोर्शच्या ९११ जीटी३मध्ये तर द्रवात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, चुंबकीय क्षेत्र दिलं की क्षणार्धात ते घट्ट होतं. शर्यतीत कडक, रस्त्यावर मऊ. किंमत अर्थात पोर्शची.

तुमचं माउंट गेलंय का, हे पाहणं सोपं आहे. गाडी सपाटीवर, हँडब्रेक घट्ट, बॉनेट उघडं. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित पकडेपर्यंत सोडायचा आणि पुन्हा दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. दुसऱ्याने समोर नाही, बाजूला उभं राहून इंजिनाकडे बघायचं. थोडं कललं तर ठीक. ठळक उसळी मारून धपकन बसलं, तर एखादं माउंट फाटलेलं आहे. फाटलेलं एकच बदलून बाकीची जुनी ठेवू नका, त्या एकट्यावर सगळा भार येतो. आणि रोज ऑफिसला, बाजारात, गावी नेण्याची गाडी असेल तर कंपनीचंच रबर घाला. पॉलियुरेथेनची हौस असेलच, तर वजन पेलणारी वरची माउंटं मऊच राहू द्या आणि फक्त पिळा आवरणाऱ्या खालच्या टॉर्क रॉडचं बुश बदला. गिअरची ढिलाई बरीचशी तेवढ्यानेच जाते, आणि नाही पटलं तर तो रॉड दोन-तीन बोल्ट सोडून परत काढता येतो.