मृतात्म्यांशी संभाषण : एका चळवळीची कहाणी

पलिष्ट्यांचे सैन्य शूनेम येथे तळ देऊन बसले होते आणि गिलबोआवर शौल राजा भयाने गांगरून गेला होता. शमुवेल नबी निवर्तले होते. स्वप्नांतून, ऊरीमद्वारे वा नबींच्या मुखातून परमेश्वर उत्तर देईना. तेव्हा ज्या राजाने भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून घालवून दिले होते, तोच राजा वेष पालटून, दोन माणसे बरोबर घेऊन, रात्रीच्या अंधारात एन-दोर येथील एका स्त्रीच्या दारी गेला. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथातील २८ व्या अध्यायाची ही कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. त्या गावाचे नाव धारण करणारे किबुत्स आजही ताबोर पर्वताच्या परिसरात आहे.

मृतांना प्रश्न विचारण्यास तोरेने स्पष्ट मनाई केली आहे (देवारीम, अध्याय १८). परंतु मनाई करावी लागते ती मोह असतो म्हणूनच. एकोणिसाव्या शतकात या मोहाने एका फार मोठ्या चळवळीचे रूप घेतले. तिची हकीकत जितकी मनोरंजक, तितकीच करुण आहे.

३१ मार्च १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात मॅगी व केट फॉक्स या दोन अल्पवयीन बहिणींच्या घरी भिंतीतून ठोके ऐकू येऊ लागले. प्रश्न विचारावा आणि ठोक्यांनी उत्तर यावे, असा प्रकार सुरू झाला. शेजारीपाजारी जमले. वडील बहीण लीआ हिने पुढाकार घेतला आणि १८४९ च्या नोव्हेंबरात रॉचेस्टर शहरातील एका सभागृहात तिकीट लावून जाहीर प्रयोग झाला. पाहता पाहता अमेरिकेत व पुढे इंग्लंडात घरोघरी मेजाभोवती मंडळी बसू लागली.

सुशिक्षित माणसांनी यावर विश्वास तरी कसा ठेवला, असे आज आपणांस वाटेल. परंतु तो काळ ध्यानी घ्यावा. अवघ्या चारच वर्षांपूर्वी, १८४४ साली, मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश धाडला होता. तारेच्या ठोक्यांतून दूरच्या जिवंत माणसाचा निरोप येतो, तर भिंतीवरच्या ठोक्यांतून मृताचा का येऊ नये, असा विचार अनेकांनी केला. शिवाय ज्या काळी स्त्रीने व्यासपीठावर बोलणे अनुचित मानले जाई, त्या काळी ‘माध्यम’ म्हणून बसलेल्या स्त्रीचे शब्द भरल्या सभेत आदराने ऐकले जात. गुलामगिरीचा निषेध करणारे व स्त्रियांचे हक्क मागणारे कित्येक सुधारक म्हणूनच या चळवळीत सामील झाले.

मात्र तिला खरे बळ दिले ते शोकाने. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्यू पावले. त्यांतील अनेकांची कबर कोठे आहे, हेही घरच्यांना ठाऊक नव्हते. अध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली १८६२ साली वारला, तेव्हा त्याच्या आईने व्हाइट हाउसमध्येच माध्यमांच्या बैठका भरविल्या. मम्लर नावाचा छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या पाठीशी मृताची धूसर आकृती दाखवून पैसे मिळवी. १८६९ साली त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, पण तो सुटला. पुढे लिंकनबाईही त्याच्याकडे छायाचित्र काढवून घेण्यास गेल्या.

या लाटेचे पाणी आपल्या मुंबईच्या किनाऱ्यालाही लागले. १८७४ साली व्हरमाँटमधील एका शेतघरी असलेच चमत्कार पाहण्यास गेलेले कर्नल ऑल्कट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की यांची तेथे भेट झाली. पुढल्याच वर्षी त्यांनी थिऑसॉफिकल सोसायटी स्थापिली आणि १८७९ च्या फेब्रुवारीत उभयता मुंबईस उतरले. पुढे विसाव्या शतकात वि. द. ऋषी यांनी मुंबईत परलोकविद्येचा प्रसार केला. चाळीच्या खोलीत दिवा मंद करून, अक्षरे मांडून, वाटीवर बोटे टेकवून बसलेली ‘प्लँचेट’ची मंडळी आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील.

१८८८ च्या ऑक्टोबरात मॅगी फॉक्सने न्यूयॉर्कमधील भर सभेत कबुली दिली की, ते ठोके आपण पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढीत होतो. तिने ते करूनही दाखविले. पुढच्या वर्षी तिने ही कबुली मागे घेतली, परंतु चळवळ दोन्ही वेळा आपल्या वाटेने चालतच राहिली. पहिल्या महायुद्धाने तर तिला नवे उधाण आणले. थोर शास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांचा पुत्र रेमंड १९१५ साली रणांगणावर पडला आणि त्याच्याशी झालेल्या कथित संभाषणांचा ग्रंथ पित्याने दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध केला. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १९१८ साली आपला पुत्र गमावला आणि उर्वरित आयुष्य या प्रचारास वाहिले.

याच डॉइल यांचा मित्र होता जगप्रसिद्ध जादूगार हूडिनी, बुडापेस्टमध्ये जन्मलेला एका रब्बीचा मुलगा. १९१३ साली वारलेल्या आईवर त्याची विलक्षण माया होती. १७ जून १९२२ रोजी अटलांटिक सिटीतील हॉटेलात लेडी डॉइल यांनी त्याच्या आईचा संदेश म्हणून पानांमागून पाने लिहून काढली. माथ्यावर क्रूस होता आणि भाषा अस्खलित इंग्रजी होती. रब्बीची पत्नी क्रूस काढील कशी आणि जिला इंग्रजी येत नव्हते ती इंग्रजीत लिहील कशी? हूडिनी त्या वेळी मौन राहिला, पुढे त्याने आपला अविश्वास जाहीर केला आणि मैत्री तुटली. नंतर त्याने कित्येक माध्यमांच्या युक्त्या उघडकीस आणल्या. तथापि त्याचा राग लेडी डॉइल यांच्यावर नसावा, असे वाटते. आईचा एक शब्द ऐकण्याची आशा धरून तोही त्या मेजापाशी बसला होताच. १९२६ च्या ३१ ऑक्टोबरला तो वारला. त्याच्या पत्नीने दहा वर्षे वाट पाहिली आणि १९३६ साली शेवटची बैठक भरवून तो विषय मिटविला. कोणी आले नाही.

आपल्यातील कित्येकांचे आईवडील अलिबाग, नवगाव, पनवेल वा मुंबईच्या कबरस्तानात विसावले आहेत. निधनाची वार्ता येथे पत्राने पोहोचली, तोवर तिकडे सात दिवसांचा शोक संपूनही गेला होता. शेवटचे बोलणे राहून गेले, ही खंत अनेक घरांत आहे. म्हणून एन-दोरच्या वाटेने जाणाऱ्यास हसण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु त्या वाटेवर दुःखाचा व्यापार करणारे बसलेले असतात, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या धर्माने शोक करणाऱ्यास कद्दीश दिली आहे. तीत मृताचे नाव नाही की मृत्यूचा उल्लेख नाही, केवळ परमेश्वराची स्तुती आहे. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा जिवंत माणसे उभी राहावी लागतात. शौलाच्या कथेचा शेवटही आठवावा. शमुवेलच्या शब्दांनी राजा भुईवर कोसळला. दिवसभर त्याने अन्न घेतले नव्हते. तेव्हा त्याच स्त्रीने घरचे पुष्ट वासरू कापले, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजल्या आणि त्याला आग्रहाने जेवू घातले. शोकाच्या घरी पहिले जेवण शेजाऱ्याने न्यावे, ही आपली रीत आहे. आपल्या वस्तीत कोणाच्या घरी तसा प्रसंग आला, तर दहा माणसे जमावीत आणि ताट झाकून न्यावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.