विश्रामबागवाड्याला किती भार सोसवेल?

तुळशीबागेतून खरेदीच्या पिशव्या सांभाळत बाजीराव रस्त्यावर आलं की विश्रामबागवाडा दिसतो. इथं काय आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं तर कुणी पोस्ट सांगेल, कुणी वाचनालय, कुणी प्रदर्शन. जुनी पिढी नगरपालिका म्हणेल. यातलं प्रत्येक उत्तर कधी ना कधी खरं होतं. पुण्यात इतक्या भूमिका निभावलेली दुसरी वास्तू मला तरी आठवत नाही.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्या बाजीरावानं १८०७च्या सुमारास राहण्यासाठी हा वाडा बांधला. १८१८मध्ये पेशवाई गेली आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इथं संस्कृत पाठशाळा उघडली. पुढं तिचंच पूना कॉलेज आणि १८६४मध्ये डेक्कन कॉलेज झालं. ते १८६८मध्ये येरवड्याला गेलं. मे १८७९च्या आगीत बुधवारवाडा संपला, विश्रामबागवाड्याचाही पूर्वेकडचा भाग जळाला. नगरपालिका आणि लोकवर्गणी यांच्या बळावर तो पुन्हा उभा राहिला. १९३०नंतर जवळपास तीन दशकं नगरपालिकेचा कारभार इथूनच चालला.

म्हणजे दोनशे वर्षं हा वाडा नव्या-नव्या कामाला जुंपला जातोय. ते वाईट नाही. माणसांचा वावर थांबला की वाड्याला वाळवी लागते, कौलं सरकतात, पाणी मुरतं. बंद वाडे किती लवकर खचतात, हे पेठांमध्ये राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. प्रश्न एवढाच आहे, की नवं काम देताना वाड्याला ते झेपेल का, हे आधी कुणी तपासतं का?

आत शिरल्यावर नजर खांबांवर खिळते. सुरूच्या झाडासारखे निमुळते सागवानी खांब, वर केळफुलाचं कोरीवकाम. हे खांब पाहून मी पेठेतल्याच दुसऱ्या एका वाड्याच्या दुरुस्तीवर काम करणाऱ्या एका वयस्कर सुतारकाकांकडे गेलो. बोलण्याआधी त्यांनी तिथल्या एका खांबावर लाकडी मोगरीनं तळापासून वरपर्यंत ठोके दिले. वर आवाज खणखणीत येत होता, तळाशी वीतभर मात्र बद्द. “इथंच मेलंय ते,” काका म्हणाले. खांब दगडी उथळ्यावर नुसता टेकलेला असतो. उथळ्याभोवती फरशीखाली कुणीतरी सिमेंट भरलं होतं. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, सिमेंट ती कोंडून ठेवतं, आणि कोंडलेली ओल लाकडाच्या तळातून वर चढते.

मग संपूर्ण खांब बदलायचा का, असं विचारलं तर ते जरा दुखावलेच. कुजलेला भाग तेवढा तिरका कापायचा, त्याच जातीचं जुनं, मुरलेलं सागवान त्याच तिरकेपणानं जोडायचं आणि सांध्यातून लाकडाची खुंटी ठोकायची. लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूड खातो. जोड दिलेला खांब मी हातानं चाचपून पाहिला. पटाशीनं साफ केलेला तो सांधा नखालाही लागत नव्हता. काकांच्या हाताखाली दोनच पोरं आहेत, त्यातला एक फर्निचरच्या दुकानात नोकरी शोधतोय. हे ऐकून फार वाईट वाटलं.

भाराचा हिशेब त्यांनीच काढला. वरच्या मजल्याचा कडीपाट माणसांच्या वावरासाठी असतो, तिथं पोलादी कपाटांची रांग लावली तर तुळई वाकणारच. आकडेही हेच सांगतात. आपल्या भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. ग्रंथालयाच्या पुस्तकसाठ्यासाठी किमान ६०० धरावे लागतात. दिवाणखान्याचं वाचनालय करणं कागदावर निरुपद्रवी दिसतं, तुळईला मात्र तिप्पट ओझं कळतं.

असे प्रश्न आधी विचारण्याची रीत आता जगभर रुळली आहे. तिला वारसा-परिणाम मूल्यांकन म्हणतात. जागतिक वारसास्थळांसाठी ‘इकोमॉस’ या संस्थेनं २०११मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. वास्तूत नेमकं काय मोलाचं आहे, हे आधी नोंदवायचं. खांब, चौक, जिना, उजेड, अगदी तिथली वर्दळसुद्धा. मग प्रत्येक बदलानं त्यातल्या कशाला किती धक्का लागेल आणि उद्या तो बदल काढून टाकता येईल का, हे पाहायचं. स्वतंत्र उभा केलेला पडदा काढता येतो. वातानुकूलनाच्या नळीसाठी भिंतीला पाडलेलं भोक, स्वच्छतागृहासाठी फोडलेली ओसरी पुन्हा होती तशी होत नाही.

मुंबईत १८७६चं खलाशांचं वसतिगृह १९२८मध्ये विधिमंडळ झालं आणि १९८२मध्ये पोलीस मुख्यालय. वापर बदलला तरी इमारतीचा डौल टिकू शकतो, हे तिथं दिसतं. मुंबईला वारसा नियमावली १९९५मध्येच मिळाली. पण वारसा-यादीत नाव आलं म्हणजे रक्षण झालं, असा समज आपल्याकडे फार आहे. आधी वापर ठरतो, मग निविदा निघते, आणि शेवटी परिणामांचा अहवाल जोडला जातो. हा क्रम पूर्ण उलटा आहे. नंतरच्या अहवालाला ‘नको’ म्हणायची सोयच उरत नाही.

विश्रामबागवाड्याबाबत एक गोष्ट आणखी अवघड आहे. पाठशाळा, नगरपालिका, पोस्ट हेही आता त्याच्या इतिहासाचेच थर झालेत. ते सगळे खरवडून फक्त पेशवाई उरवायची, तर आगीनंतर वर्गणी देणाऱ्या पुणेकरांचा वाटा पुसला जाईल. कुठला थर ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे एकट्या वास्तुविशारदानं ठरवू नये. पुढचा वापर ठरण्याआधी काय मोलाचं आहे याची नोंद मराठीत, वाड्याच्या दिंडीतच वाचायला ठेवावी, हरकतींना महिनाभर द्यावा, आणि तपासणीच्या पथकात मोगरी हातात धरलेला एक सुतार असावा.