बैठे काम आणि वाढते वजन

बैठे काम करणाऱ्या माणसाचे पोट सुटू लागले, की त्याला उपदेश करणारांची कधी वाण पडत नाही. डॉक्टर म्हणतो, कमी खा. घरची मंडळी म्हणतात, पहाटे उठून फिरायला जा. शेजारच्या टेबलावरचा सोबती म्हणतो, जिभेवर ताबा नाही, दुसरे काय! जणू काही कारकुनी पत्करताच माणसाचा संयम सुटतो आणि हमालीला लागताच तो योगी बनतो! मी कामगार चळवळीतला माणूस. मला हा प्रश्न आधी कामाच्या स्वरूपाचा आणि मग संयमाचा वाटतो. ही केवळ माझी समजूत नव्हे. तिला आधार आहे.

१९५६ साली जाँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने रॉय व मित्र या सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो विलायतेतल्या प्रयोगशाळेतला नव्हे, तर पश्चिम बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीतील २१३ माणसांचा होता. त्यांत कोळसा वाहणारे होते, विणकर होते, कारकून होते, देखरेख करणारे होते आणि दिवसभर गादीवर बसणारे दुकानदारही होते. कोण किती खातो आणि त्याचे वजन किती, हे कामाच्या स्वरूपाशी ताडून पाहिले गेले. अंगमेहनत करणारांत सारे अपेक्षेप्रमाणेच निघाले. काम जितके जड तितका आहार अधिक, आणि वजन जवळजवळ सारखे. मौज पुढेच आहे. अगदी बैठ्या माणसांचा आहार कामाबरोबर घटलेला नव्हता. उलट तो वाढलेला होता, आणि वजनेही त्यांचीच अधिक होती. याचा अर्थ असा, की भूक हा शरीराचा तराजू खरा, पण तो हालचाल करणाऱ्या देहासाठी घडलेला आहे. हालचाल एका मर्यादेखाली गेली की त्याचा काटा अडकतो. तेव्हा ‘भूक लागेल तेवढेच खा’ हा सल्ला कोळसा वाहणाऱ्याला लागू पडतो. खुर्चीवरच्या माणसाला तो फसवतो.

दुसरा दाखला लंडनच्या बसवाल्यांचा. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ साली दाखवून दिले, की एकाच दुमजली बसवर काम करणाऱ्या ड्रायव्हर व कंडक्टर यांपैकी कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. ड्रायव्हर बसून असे. कंडक्टर दिवसाकाठी सुमारे सहाशे पायऱ्या चढे. पण हाच मॉरिस १९५६ साली गणवेषाची मापे घेऊन बसला, तेव्हा त्याला असे आढळले की ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर तरुण वयापासूनच रुंद होती. म्हणजे सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नाही; खुर्चीकडे वळणारी माणसेही काही अंशी वेगळी असतात. आपल्या म्हणण्याला अडचणीचा पुरावाही जो स्वतःच पुढे मांडतो, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी रोज सुमारे २११० उष्मांक लागतात, जड कामासाठी ३४७०. फरक १३६० उष्मांकांचा, म्हणजे दहाबारा पोळ्यांचा! बाप गिरणीत, मुलगा संगणकापुढे, आणि ताट मात्र तेच. अशी घरे आपल्याकडे हजारांनी आहेत. आई वाढते ती मायेनेच, पण तिच्या हाताला सवय असते बापाच्या ताटाची.

ताटातले काय कमी करावे? भाजी, डाळ, उसळ, ताक यांना हात लावू नये. उलट त्या वाढवाव्यात, कारण पोट भरल्याचे समाधान त्यांनीच होते. कात्री लावायची ती भाताच्या दुसऱ्या वाढीला, तेलाला आणि साखरेला. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक असतात, एक ग्रॅम साखरेत चार. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेतला की चहाच्या निमित्ताने दोनशे उष्मांक पोटात जातात, आणि पाचही वेळा आपण ‘काही खाल्ले नाही’ असेच म्हणतो. अर्धा तास झपझप चालल्याने साधारण सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. एक वडापाव त्याच्या दुपटीचा. तेव्हा खाल्लेले चालून फेडू, ही आशा व्यर्थ आहे. वजन उतरते ते मुख्यतः ताटावर. चालण्याने उतरलेले वजन टिकते, हृदय राखले जाते आणि अडकलेला काटा थोडा सैल होतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. रोज ३०० कमी घेतले तर एक किलोला सुमारे सव्वीस दिवस लागावेत. हा हिशेब कागदावरचा, कारण शरीरही पुढे आपला खर्च आखडते. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या भानगडीत पडू नये. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडूच नये. वजनकाट्याइतकेच टेपकडे लक्ष द्यावे: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० यांच्या पुढे गेली, की सावध व्हावे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते. सांगणे सोपे आहे. दीड तास लोकलमध्ये उभे राहून येणाऱ्याने, किंवा कचेरीआधी सगळ्यांचे डबे भरणाऱ्या बाईने, ही मिनिटे आणावीत कोठून? म्हणून ती कामाच्या दिवसातच शोधली पाहिजेत. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे, येताना एक थांबा अलीकडे उतरून दहा मिनिटे, लिफ्टऐवजी जिना. टेबलावर चहा येणे हे मानाचे लक्षण समजले जाते. माझ्या मते चहाची किटली व्हरांड्याच्या टोकाला असावी.

आणि कँटीन. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली, आणि त्याच्या कारभारात कामगारांना प्रतिनिधित्वही ठेवले. आपले प्रतिनिधी तेथे भावाबद्दल भांडतात, ते योग्यच आहे. पण तेलाच्या डब्याबद्दल कोणी विचारीत नाही. शंभर माणसे जेवतात आणि पंधरा किलोचा डबा पाच दिवसांत संपतो, असे धरा. माणशी एका जेवणाला ३० ग्रॅम, म्हणजे २७० उष्मांक नुसत्या तेलाचे झाले. पुढच्या बैठकीत कँटीनचे बिल मागवावे, महिन्याचे डबे मोजावेत, जेवणारांच्या संख्येने भागावेत आणि आलेला आकडा फळ्यावर लिहावा.