तारांसकट शहर

वाईचा घाट आणि नाशिकचा गोदाघाट ही महाराष्ट्रातल्या जलरंगाची दोन तीर्थस्थळं. कलाविद्यालयांच्या सहली तिथे जातात, निवृत्त मंडळी बोर्ड-घोडी घेऊन पहाटे पोहोचतात आणि त्यातून जी चित्रं निघतात ती दवाखान्यांत, बँकांत, दिवाणखान्यांत आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. तिरकं कोवळं ऊन, ओल्या पायऱ्या, पाण्यात हललेलं कळसाचं प्रतिबिंब आणि लाल लुगड्यातली एक बाई. या चित्रांत विजेची तार सहसा नसते. भावी नगरसेवकाचा फ्लेक्स नसतो, प्लास्टिकची निळी ताडपत्री नसते, स्कूटर तर नसतेच. भरल्या कुंचल्याला ते सोपं जातं. नको ते धुक्यात ढकलून द्यायचं, झालं!

पेन हातात असलं की असं पळता येत नाही. रेघ एका जागेपासून निघते ती कुठेतरी जाऊन थांबावी लागते. खांबावरून निघालेली तार समोरच्या गॅलरीत जाते, गॅलरीत टॉवेल वाळत असतो, टॉवेलमागे डिश अँटेना असते. रेघेच्या मागे गेलं की हे सगळं आपोआप वहीत येतं. म्हणून बाहेर बसून, समोरचं पाहून, आधी पेनाने आणि मग एखाददुसऱ्या पातळ वॉशने केलेलं रेखाटन मला निव्वळ जलरंगी निसर्गचित्रापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. सुंदर म्हणाल तर नेहमी नसतं, पण खरं असतं.

या प्रकाराची आपल्याकडची जुनी आणि ठळक खूण पुण्यात सापडते. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटसाठी गंगाराम तांबट हा पुणेकर चित्रं काढत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० साली रेखाटला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईच्या किनाऱ्याला लागला १७९१ मध्ये. म्हणजे साहेब शिकवायला यायच्या आधीच या गड्याचा हात चालू होता. पुढे वेल्स पुण्याला आला, त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रं केली. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली. गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला आणि वेरूळला जाऊन त्याने लेण्यांची चित्रं काढली. पर्वतीचंही एक चित्र त्याच्या नावावर आहे. मला त्याचा गेंडा आवडतो. आपण याआधी असलं जनावर पाहिलेलं नाही, हे तो लपवत नाही. कातड्याच्या घड्या चिलखतासारख्या एकेक मोजून काढाव्यात तशा आहेत. वेल्स १७९५ मध्ये साष्टीकडे लेणी चितारायला गेला तो तिकडेच वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांचं पुस्तक थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला काढलं. गंगारामच्या चित्रांचा मोठा साठा आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुण्यातली तांबट आळी मात्र जागच्या जागी आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनाही वही बाळगायची खोड होती. त्यांतला रॉबर्ट ग्रिंडले हा मुंबई इलाख्यातला कॅप्टन. त्याने पश्चिम हिंदुस्थानातली दृश्यं, पोशाख आणि वास्तू यांचा देखणा ग्रंथ १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध केला. फोर्टात ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना ग्रिंडलेज बँक आठवत असेल, तिचा मूळपुरुष हाच.

मग १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि रेखाटनाला शिस्त लागली. पण शाळेतलं रेखाटन हे पायरीचं काम. खरं चित्र त्यावर उभं राहायचं. रस्त्यावरच्या माणसांवर मनापासून जीव लावला तो महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. एडवर्ड्‌सच्या मुंबईवरच्या पुस्तकासाठी १९१२ मध्ये त्यांनी केलेली चित्रं पाहावीत. कोणत्या जातीची, कोणत्या व्यवसायाची बाई पदर कसा घेते, हे त्यांना पाठ होतं. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या आठवणींतूनही हा पाहण्याचा सोस दिसतो.

पेन आणि वॉश यांची आपल्याकडे पुढे जी ताटातूट झाली, ती मात्र कोणा चित्रकारामुळे नाही, छापखान्यामुळे झाली असं माझं मत आहे. लेटरप्रेसच्या जमान्यात रेघांचं चित्र लाइन ब्लॉकवर जायचं. ते स्वस्त पडे आणि खरखरीत कागदावरही स्वच्छ उठे. वॉशची करडी छटा हवी तर हाफटोन ब्लॉक करावा लागे, त्याला कागद गुळगुळीत हवा आणि संपादकाचा खिसाही मोकळा हवा. त्यामुळे मासिकाच्या आतल्या पानांत काळी-पांढरी रेघ आणि मुखपृष्ठावर रंग अशी वाटणी झाली. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. तिथल्या रंगीत मुखपृष्ठांची चर्चा आपण अजून करतो, पण त्यांची कथांवरची काळ्या शाईतली चित्रं पाहा. कुठे दाट काळं, कुठे कोरा कागद, मधली छटा जवळपास नाहीच. ब्लॉकची मर्यादाच त्यांनी शैली करून टाकली. व्यंकटेश माडगूळकर तर लेखकच. त्यांची पेनातली रेखाटनं त्यांच्या वाक्यांसारखी, काटक आणि पाल्हाळ न लावणारी.

गोव्यात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा. जन्म १९२६, दमणचा, घर लोटलीचं. कला विद्यालयाचं रीतसर शिक्षण नाही. तरुणपणी तो रोजनिशी चित्रांत लिहायचा, आणि १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्या रोजनिश्या आता छापून आलेल्या आहेत. शेजारी, पाद्री, लग्नं, बोटीचा प्रवास, सगळं त्यात आहे. त्यातलं बरंच घरी येऊन आठवणीने काढलेलं असणार, त्यामुळे कडक सोवळं पाळणारे त्याला ‘ऑन द स्पॉट’ म्हणणार नाहीत. मी म्हणेन. इतकं बारीक आठवायला दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात.

आता सामानाबद्दल, कारण या छंदातले निम्मे वाद शाईवरून होतात. साध्या फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळते. वरून ओला ब्रश फिरवला की रेघ पसरते आणि जांभळट-निळी सावली तयार होते. काहींना हाच खेळ प्रिय, त्यांना वेगळा रंगच लागत नाही. रेघ शाबूत ठेवून वर रंग द्यायचा तर वॉटरप्रूफ शाई हवी. पण जुन्या पद्धतीच्या इंडियन इंकमध्ये लाखेचा अंश असतो, ती फाउंटन पेनात भरली की पेन मेलंच म्हणायचं. ती टाकाने किंवा बोरूने वापरायची. हल्ली पिगमेंट शाईची तयार पेनं मिळतात, सोय झाली आणि रेघेची जाडी मात्र एकसारखी झाली. बोरूची रेघ शाई संपत आली की फाटते, आणि जुनी भिंत काढताना ती फाटकी रेघच कामाला येते. कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ मध्ये धंद्याला सुरुवात केली तीही शाईपासूनच. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद अनेकजण वापरतात. त्याला खळ कमी असेल तर वॉश शोषला जातो, कड सुटत नाही. त्या कागदावर आभाळ काढू नये, दगड काढावा.

हे प्रत्यक्षात कसं होतं? पुण्याच्या मंडईसमोर बसा. इमारत १८८६ची, मूळ नाव रे मार्केट, मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याला फुटलेल्या उतरत्या छपरांच्या पाखा. नवखा माणूस मनोऱ्यापासून सुरू करतो आणि खाली भाजीवाल्यांना जागाच उरत नाही. मुरलेला माणूस आधी एका गाळ्यावरची बाई काढतो, कारण ती उठून जाईल, मनोरा कुठे जात नाही. तिच्या डोक्याच्या पातळीवर नजरेची रेघ धरली की तिच्याच पातळीवर बसलेल्या इतरांची डोकी साधारण त्याच रेघेवर येतात, आणि गर्दी पाच मिनिटांत उभी राहते. मग पाट्या, तराजू, गोणपाट. मनोरा शेवटी, तोही वरचा अर्धा. वॉश एकच, करडा-तपकिरी: छपराखालच्या सावलीत, ओट्यांखाली, माणसांच्या पायांशी. ऊन पडलेला दगड कोरा सोडायचा. टोमॅटोंना तांबडा ठिपका द्यायचा मोह होतो. एका ढिगाला द्या, चार ढिगांना नको.

हवामानाचंही यात राजकारण असतं. एप्रिलात सोलापूर-नगरकडे वॉश कागदावर टेकतो न टेकतो तोच सुकतो, मधे ब्रशचे जोड दिसतात. जुलैत रत्नागिरीला उलटं. अर्धा तास झाला तरी आभाळ ओलंच, तोवर पान उलटता येत नाही, मागचं चित्र पुढच्याला चिकटतं. म्हणून कोकणात अनुभवी लोक दोन वह्या आलटून पालटून वापरतात.

सिएटलच्या एका वृत्तपत्रात चित्रं काढणाऱ्या गॅब्रिएल कँपनारिओने २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ची कल्पना मांडली. आज मुंबई-पुण्यातही असे गट आहेत. सुटीच्या सकाळी जमायचं, दोन तास काढायचं, शेवटी वह्या जमिनीवर मांडून एकमेकांच्या पाहायच्या. पुण्यात चित्रकार मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांनी आणि प्रात्यक्षिकांनी घराघरांतल्या हौशींना बाहेर काढलं, ही गोष्ट मोठी. वास्तुविशारद, डॉक्टर, शाळकरी मुलं, सगळे एका ओळीत बसतात. काही ठिकाणी सुरक्षारक्षक येऊन परवानगी विचारतो. मोबाइलने शंभर फोटो काढणाऱ्याला तो काही म्हणत नाही, पण तासभर एकाच भिंतीकडे पाहणारा माणूस त्याला संशयास्पद वाटतो. बघे मात्र प्रेमळ. “कोणत्या पेपरात येणार?”, “आमच्या दुकानाची पाटी नीट घ्या बरं का!” पाटी घ्यावीच. दुकान चार वर्षांनी नसेल.

माझी तक्रार आहे ती वह्यांचं पुढे काय होतं याबद्दल. पेठांतले वाडे पडताहेत, गिरणगावात टॉवर झालेत, मंडईखालून २०२४पासून मेट्रो धावते आहे. वारसा इमारतींच्या याद्यांत दर्शनी भागाची मापं असतात. त्या इमारतीला टेकून उभी असलेली चहाची टपरी, तिच्यावरची ताडपत्री आणि तारांचा गुंता हे शेकडो हौशी वह्यांत आहे. या वह्या संग्रहालयं मागत नाहीत, कारण त्यांना फ्रेम नसते. घरचे त्या रद्दीत घालतील की ठेवतील, हे सांगता येत नाही. तेव्हा काढणाऱ्यांनी निदान एवढं करावं: प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात जागा, तारीख आणि वेळ लिहावी. सही नंतर केली तरी चालेल. आणि हे सगळं पाण्याने न पुसणाऱ्या शाईत.