‘सगळं कव्हर आहे’ म्हणू नका! एक्स्टेंडेड वॉरंटी विकताना होणारे वाद कसे टाळाल?



समजा, गारगोटीच्या बाजारात तुमचं इलेक्ट्रॉनिक्सचं नवं दुकान आहे. गणपतीच्या तोंडावर जवळच्या वाडीवरचे एक मामा फ्रिज घ्यायला आले. भाव ठरला. बिल करताना तुम्ही म्हणालात, “मामा, पंधराशे जास्त भरा, अजून दोन वर्षं टेन्शन नाही. सगळं कव्हर आहे.” मामांनी पैसे मोजले. त्यातले चार-पाचशे तुम्हाला कमिशन मिळाले.

दुसऱ्या पावसाळ्यात लाइट कमी-जास्त झाली आणि फ्रिजचा बोर्ड जळाला. सर्व्हिसवाला आला, बघून म्हणाला, “व्होल्टेजमुळं गेलाय, वॉरंटीत बसत नाही. चार हजार होतील.” मामा थेट तुमच्या दुकानात. “तुम्हीच म्हणाला होता की, सगळं कव्हर हाय म्हणून!” आणि दुकानात तेव्हा आणखी तीन गिऱ्हाइकं उभी.

आता सांगा, चुकलं कोण? मामा तर नाहीत. सर्व्हिसवाला कागदाप्रमाणे बोलला. चूक तुमच्या त्या तीन शब्दांत होती. वॉरंटीचं भांडण वस्तू बिघडल्यावर दिसतं, पण ते सुरू होतं विक्रीच्या दिवशी, काउंटरवर.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे

साधी वॉरंटी म्हणजे वस्तू बनवताना राहिलेल्या दोषाची हमी. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक वेळा तीच हमी पुढे वाढवते, नवं काही देत नाही. पडणं, फुटणं, पाणी जाणं यासाठी वेगळा अपघाती नुकसानीचा प्लॅन असतो. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही एकच वाटतं. वाद नेमके इथे होतात:

१. व्होल्टेज आणि वीज पडणं. बहुतेक प्लॅनमध्ये हे वगळलेलं असतं. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी ते ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेतच खरं असतं.

२. उंदीर, पाल, मुंग्या. वॉशिंग मशीनची वायर उंदरानं कुरतडली, तर तो कंपनीचा दोष धरत नाहीत.

३. ‘कॉम्प्रेसरवर १० वर्षं’. यात बहुधा फक्त कॉम्प्रेसर हा पार्ट फुकट असतो. गॅस भरणं, मजुरी, वाहतूक यांचे पैसे लागू शकतात.

४. काच, प्लास्टिक, रबर, रिमोट. हे पार्ट अनेकदा वॉरंटीबाहेर असतात.

५. अंतर. ‘घरी येऊन सर्व्हिस’ ही काही वेळा ठरावीक हद्दीतच असते. भुदरगडच्या आतल्या वाडीवर जायचं, तर प्रवासखर्च कोणाचा?

६. तारीख. वॉरंटी खरेदीपासून मोजायची की वस्तू बसवल्यापासून? २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं कंपन्यांना ती बसवल्याच्या तारखेपासून धरायला सुचवलं. पण कागदावर काय लिहिलंय ते बघाच.

७. दुरुस्त होत नसेल तर? काही प्लॅन पूर्ण किंमत देत नाहीत, वापराच्या वर्षांप्रमाणे घसारा कापून देतात.

कागद कोणाचा आहे?

प्लॅन तीन प्रकारचे असतात: वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा, दुकानाचा स्वतःचा, आणि तिसऱ्याच कंपनीचा. गिऱ्हाइक मात्र तिन्ही वेळा तुमच्याकडेच येणार, कारण त्यानं पैसे तुमच्या हातात दिलेत. म्हणून प्लॅन ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. तक्रार घेणार कोण? जवळचा मेकॅनिक कुठे आहे? आणि आपल्या भागात तो किती दिवसांत येतो? याची उत्तरं लेखी मिळत नसतील, तर कमिशन कितीही असो, तो प्लॅन ठेवू नका.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू किंवा सेवेबद्दल खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणं ही त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे, मग ती तोंडी का असेना. बिल न देणं हीसुद्धा त्यातच येते.

गिऱ्हाइक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत साधारण दोन वर्षांची आहे. तक्रारीत कंपनीबरोबर तुमच्या दुकानाचंही नाव येऊ शकतं. मग दुकान बंद ठेवून कोल्हापूरच्या तारखा कोण करणार? पाचशे रुपयांच्या कमिशनला हे परवडतं का?

मग काउंटरवर करायचं काय?

• आधी काय कव्हर नाही ते सांगा: “मामा, व्होल्टेजनं गेलं तर यात बसत नाही. त्यापेक्षा आधी चांगला स्टॅबिलायझर घ्या.”

• एका पानावर मोठ्या अक्षरात, मराठीत दोन रकाने करा: ‘बसतं’ आणि ‘बसत नाही’. ते वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत गिऱ्हाइकाला द्या.

• वस्तूचं बिल आणि प्लॅनची पावती वेगवेगळी दाखवा. सिरीयल नंबर, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख लिहा.

• वहीत किंवा मोबाइलमध्ये नोंद ठेवा. बिल हरवलेलं गिऱ्हाइक तुमच्याकडे आलं की तुम्ही दोन मिनिटांत प्रत काढून दिली पाहिजे.

• क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा. तोंडी ‘बसत नाही’ वर थांबू नका. कंपनीला फोन तुम्ही लावा.

तुम्ही म्हणाल, “सर, असं सांगितलं तर प्लॅन कमी विकले जातील.” होय, थोडे कमी जातील. पण गारगोटीसारख्या गावात जाहिरात बॅनरवर होत नाही, ती एसटी स्टँडवर आणि लग्नाच्या मांडवात होते. ‘त्यानं आधीच सांगितलं होतं’ आणि ‘त्यानं फसवलं’, यातलं कोणतं वाक्य तिथे बोललं जाणार, हे तुम्ही बिल फाडताना ठरवता.

आजचा गृहपाठ: तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूचं वॉरंटी कार्ड काढा आणि ‘काय बसत नाही’ ही यादी मराठीत लिहा. दहा ओळींत जमली, तर दुकानाचा तुमचा पहिला कागद तयार झाला.